स्वखर्चाचं पुस्तक आणि मुखपृष्ठाचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यात पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं नवं नाही. कुलमंडळांनी वर्गणी जमवून छापलेले जाडजूड कुलवृत्तान्त, ग्रामदेवतेच्या देवस्थानाचा इतिहास, शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, निवृत्त शिक्षकाच्या आठवणी, बँकेतून बाहेर पडलेल्याचा पहिला कवितासंग्रह, असं बरंच काही इथे याच वाटेने आलं आहे. ज्या शहरात १८२८ सालापासूनचं वाचनालय आहे आणि जिथे १९९० साली मधु मंगेश कर्णिकांच्या अध्यक्षतेखाली चौसष्टावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथे लिहिणाऱ्यांची वानवा नाही. वानवा प्रकाशकांची आहे. मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाने नकार कळवला, किंवा ‘तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्या’ अशी अट घातली, की लेखकाच्या मनात येतं, तेवढेच पैसे घालायचे तर आपणच का छापू नये?

त्यानंतरची बहुतेक कामं मार्गी लागतात. अक्षरजुळणी करणारे शहरात आहेत. प्रुफं तपासायला एखादे निवृत्त सर मिळतात. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. मुखपृष्ठापाशी मात्र गाडी अडते. ते कोणाकडून करून घ्यावं, त्याला किती द्यावेत, की द्यायचीच गरज नाही, याबद्दल लेखक, चित्रकार आणि छापखानेवाले यांची मतं वेगवेगळी आहेत, आणि गेल्या काही वर्षांत त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. या मतांची आणि त्यांच्या मागच्या कारणांची ही मांडणी.

आधीची व्यवस्था

प्रकाशन संस्थांच्या भरभराटीच्या काळात मुखपृष्ठ हा लेखकाच्या काळजीचा विषयच नव्हता. चित्रकार प्रकाशकाचा असे. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि गोव्याचेच रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी मराठी वाचकाची नजर घडवली. ‘दीपावली’चा अंक असो की बाबुराव अर्णाळकरांची रहस्यकथा, चित्राखालच्या सहीला स्वतःची किंमत होती. पुढे वसंत सरवटे, पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर यांनी साहित्याच्या बदललेल्या चवीला साजेशी वेगळी, संयत मुखपृष्ठं केली. सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी, रविमुकुल ही नावं त्यानंतरची.

या इतिहासातली काटकसरीची बाजू सहसा सांगितली जात नाही. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र ब्लॉक लागे आणि प्रत्येक ब्लॉकचे पैसे वेगळे पडत. म्हणून पुष्कळ मुखपृष्ठं दोनच रंगांत उरकलेली दिसतात. सपाट रंगाचा एक पट्टा, रेषेतलं चित्र, हाताने काढलेलं शीर्षक. आज ज्याला आपण त्या काळची शैली म्हणतो, तिचा काही भाग ब्लॉकच्या बिलातून आलेला आहे. ऑफसेट आल्यावर चार रंग सर्रास झाले आणि ही शिस्त गेली. नव्वदच्या दशकात कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी घेऊन डीटीपीवाला आला, तेव्हा हाताने शीर्षक काढणारा अक्षरकारही साखळीतून बाहेर पडला. कमल शेडगे यांच्यासारख्यांनी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरांतून जे उभं केलं, ते काम आता फॉन्टच्या यादीतून निवडायचं ठरलं.

स्वखर्चाच्या पुस्तकाची परंपरा याला समांतर चालत होती. पन्नासच्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघालं. १९७६ साली अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव पटेल यांनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाऊस’ ही कवींची स्वतःची प्रकाशन संस्था काढली. कोलटकरांचं ‘जेजुरी’ तिथूनच आलं. १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. कमी पैशात देखणं पुस्तक कसं होतं, याचा दाखला म्हणून ही उदाहरणं नेहमी दिली जातात. ती खरीच आहेत, पण क्लिअरिंग हाऊसची मुखपृष्ठं करणारे कोलटकर जाहिरात क्षेत्रात नावाजलेले कलाकार होते. तिथे खर्च कमी दिसतो तो एका कसलेल्या माणसाचा मेहनताना कोणी हिशेबात धरला नाही म्हणून. मालगुंडच्या किंवा लांज्याच्या लेखकाच्या मित्रमंडळात कोलटकर असतोच असं नाही.

आजचे पर्याय आणि त्यांचे कैवारी

पहिला पक्ष व्यावसायिक चित्रकाराचा. त्यांचं म्हणणं असं की मुखपृष्ठ हा पुस्तकाचा अर्थ लावण्याचा पहिला प्रयत्न असतो आणि त्यासाठी हस्तलिखित वाचणारा माणूस हवा. दराबद्दल त्यांचा युक्तिवाद साधा आहे: वेळ तेवढाच लागतो, प्रती तीनशे असोत की तीन हजार. लेखकाची अडचणही याच वाक्यात आहे. समजा चित्रकाराने सहा हजार रुपये मागितले. तीनशे प्रतींवर ते प्रतीमागे वीस रुपये होतात, हजार प्रतींवर सहा. मोठ्या प्रकाशकाला जो खर्च जाणवत नाही, तोच छोट्या आवृत्तीत कागदाच्या बरोबरीला येऊन बसतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी रास्त असल्यामुळे हा तिढा घासाघीस करून सुटत नाही.

दुसरा पर्याय छापखान्याचा. रत्नागिरीतल्या बहुतेक स्वखर्चाच्या पुस्तकांची मुखपृष्ठं लग्नपत्रिका, अहवाल आणि फ्लेक्स करणाऱ्या संगणकांवरच तयार होतात. ‘कव्हर आमच्याकडेच करून देतो’ हे वाक्य दरपत्रकातच असतं, वेगळे पैसे लावले जात नाहीत किंवा अगदी किरकोळ लावतात. याचं समर्थन करणारे म्हणतात की छपाईला काय चालतं हे या माणसाइतकं कोणालाच माहीत नसतं, शिवाय दुरुस्ती समोर बसून होते. टीका करणारे परिणामाकडे बोट दाखवतात: समुद्र, होडी, दोन माड, कौलारू घर आणि मावळता सूर्य. कोकणावरच्या कथासंग्रहाला हेच, कवितांना हेच, पाककृतींच्या पुस्तकालाही हेच. टीका खरी आहे, पण दोष सगळा ऑपरेटरचा म्हणता येणार नाही. माड मागणारा लेखकच असतो.

तिसरा पर्याय कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचा, आणि या जिल्ह्यापुरता तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त खरा आहे. देवरुखला कला आणि डिझाइनचं महाविद्यालय आहे, चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचं. चांगल्या हाताची मुलं हाकेच्या अंतरावर आहेत. लेखकांना यात दोघांचाही फायदा दिसतो. उलट बाजूचा आक्षेप असा की ‘तुला अनुभव मिळेल’ हे मानधनाच्या जागी दिलेलं उत्तर होतं, आणि चित्र उत्तम काढणाऱ्या मुलाला कणा, घडी, कापाची जागा यांचं शिक्षण मिळालेलं असेलच असं नाही. ठरावीक रक्कम, एकच फेरबदल आणि पुस्तकात नाव, एवढं आधी बोलून घेतलं तर पहिला आक्षेप बराच बोथट होतो. दुसऱ्यासाठी छापखान्यातल्या माणसाशी त्या मुलाची गाठ घालून द्यावी लागते.

चौथा, स्वतःच करण्याचा. मोबाइलवर चालणारी कॅन्व्हासारखी साधनं, तयार साचे, मोफत फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्त, बलू यांसारखे देवनागरी फॉन्ट पैसे न देता वापरता येतात, त्यामुळे अक्षरांच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांपूर्वीची लाचारी आता नाही. तोटा असा की साचे मुळात रोमन लिपीसाठी आखलेले असतात. तिथे वर-खाली मात्रा नसतात, त्यामुळे मराठी शीर्षक दोन ओळींत घातलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

पाचवा पर्याय चित्रच न घालण्याचा. याला जगात मोठी परंपरा आहे. लंडनच्या व्हिक्टर गोलान्झने पिवळ्या कागदावर नुसत्या अक्षरांची वेष्टनं केली. पेंग्विनने १९३५ मध्ये सहा पेन्सची पुस्तकं काढली तेव्हा कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला निळा पट्टा आणि मध्ये शीर्षक, एवढ्यावर भागवलं. फ्रान्समध्ये गालिमारच्या साय-रंगाच्या साध्या आवरणाला आजही मान आहे. मराठीत मात्र नुसत्या अक्षरांचं मुखपृष्ठ पाहून ‘चित्राला पैसे नव्हते वाटतं’ असं म्हणणारे निघतात, आणि लेखकाला तीच भीती असते. माझं मत इथे नोंदवतो: हाताशी खरंच थोडे पैसे असतील तर हा पर्याय सगळ्यांत कमी वापरला गेलेला आणि सगळ्यांत कमी फसणारा आहे. चित्र, अक्षरांकन आणि छपाईची फाइल ही तीन वेगळी कामं आहेत, आपण त्यांना एकच समजून एकच भाव विचारतो. त्यांतलं चित्र वगळता येतं, बाकीची दोन वगळता येत नाहीत. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांच्यासारखे सुलेखनकार ज्या भाषेत झाले, तिथे चार अक्षरं नीट काढून देणारा हात शोधणं अशक्य नसावं.

सहावा आणि सध्या सर्वांत वादग्रस्त पर्याय, यंत्राकडून चित्र काढून घेण्याचा. बाजू घेणारे म्हणतात की ज्याला चित्रकार परवडतच नव्हता, त्याने यंत्र वापरलं तर चित्रकाराचं काय गेलं? विरोधकांचं उत्तर असं की ही यंत्रं ज्या चित्रांवर शिकली त्यांच्या चित्रकारांना कोणी विचारलं नव्हतं, आणि आज परवडत नाही म्हणून वापरणारा उद्या परवडत असूनही तेच वापरेल. एक स्थानिक तक्रारही आहे. कोकणातलं घर मागावं तर अनेकदा केरळचं छप्पर येतं आणि होडीचा आकार आणखी कुठला तरी असतो. वर देवनागरी शीर्षक यंत्रालाच लिहायला सांगितलं तर जोडाक्षरं मोडतात. नव्या आवृत्त्यांत हे सुधारतं आहे, पण शीर्षक वेगळं बसवणंच शहाणपणाचं. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर ई-पुस्तक टाकायचं असेल तर सप्टेंबर २०२३पासून मुखपृष्ठ यंत्रनिर्मित आहे का हे त्यांना कळवावं लागतं.

छापखान्याच्या टेबलावर

या सगळ्या मतभेदांत छपाईची बाजू मागे पडते, आणि पैसे प्रत्यक्षात वाया जातात ते तिथेच. डेमी आकाराच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं, पण छापलं जातं ते एकसंध: मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ मिळून, चारही बाजूंना कापासाठी साधारण तीन मिलिमीटर जास्त ठेवून. कण्याची जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. सत्तर ग्रॅमच्या मॅपलिथोवर एकशे साठ पानं, म्हणजे ऐंशी पत्रं, सात-आठ मिलिमीटरच्या आसपास भरतात. म्हणून पानं नक्की होण्याआधी मुखपृष्ठाची फाइल नक्की करू नये. शेवटच्या क्षणी प्रस्तावनेची आठ पानं वाढली की कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठावर डोकावतं. घरच्याच फोटोचं मुखपृष्ठ असेल तर तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नये, त्याचा आकार फार लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तीनशे डीपीआयला डेमीच्या एका पानासाठी सुमारे १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात, साध्या मोबाइलचा मूळ फोटो त्याला पुरून उरतो.

मोबाइलच्या पडद्यावर झळाळणारा समुद्राचा निळा-हिरवा छापल्यावर मलूल होतो, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागद चार शायांनी. तीनशे ग्रॅमच्या आर्ट कार्डावर मॅट लॅमिनेशन केलं की रंग आणखी थोडा दबतो. यावर एकच खात्रीचा उपाय आहे, छापण्याआधी एक रंगीत नमुना हातात घेणं. त्याचे थोडे पैसे पडतात, आणि तेच वाचवायचा मोह होतो.

अक्षरांचं दुखणं याहून जुनं आहे. लेखक युनिकोडमध्ये टंकून देतो, ऑपरेटर ते श्रीलिपीत बदलून घेतो, आणि रफार किंवा ‘ऱ्य’ कुठेतरी घसरतो. आतल्या पानांची प्रुफं तीनदा वाचली जातात, मुखपृष्ठावरचे सहा शब्द कोणीच वाचत नाही. फाइल ‘कर्व्ह’ करून पाठवली की अक्षरांची चित्रं होतात आणि पुढे दुरुस्ती होत नाही, म्हणून तपासणी त्याआधी. आणखी एक बारकावा म्हणजे ल आणि श. राज्य शासनाने २००९ साली मराठी देवनागरीसाठी या अक्षरांची मराठी वळणं ठरवून दिली, पण अनेक फॉन्ट भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय हिंदी वळणच दाखवतात. अनेकांना तो फरक सांगता येत नाही, तरी हिंदी पाट्यांवरच्या अक्षरांसारखं काहीतरी परकं वाटत राहतं.

मालकी कोणाची

पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा इतका सरळ नाही. रंगचित्र, व्यक्तिचित्र, छायाचित्र मोबदला देऊन करवून घेतलं असेल तर वेगळा करार नसताना करवून घेणारा पहिला मालक ठरतो. संगणकावरची मांडणी किंवा अक्षररचना या यादीत नीट बसत नाही, तिथे मालकी करणाऱ्याकडे राहू शकते. हक्क लिहून द्यायचे तर ते लेखीच हवेत. त्या कागदावर मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारत. दुसरी आवृत्ती सहाव्या वर्षी निघाली की हा प्रश्न उठतो.

फुकट वाटणाऱ्या जुन्या चित्रांबाबतही सावध राहावं. चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी चित्र सर्वांसाठी खुलं होतं. राजा रविवर्मा (निधन १९०६) आणि म. वि. धुरंधर (१९४४) यांची चित्रं अशी खुली झाली आहेत. दलालांची चित्रं २०३१ संपेपर्यंत आणि मुळगावकरांची २०३६ संपेपर्यंत खुली होत नाहीत, जुन्या अंकातून ती कितीही सहज स्कॅन होत असली तरी. विकिमीडियावरच्या छायाचित्रांना बहुतेक वेळा श्रेयाची अट असते.

यंत्राच्या चित्राचं काय, हे सर्वांत धूसर आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेतल्या मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिलं, यंत्राने काढलेल्या चित्रांना नाकारलं. आपल्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणून ती घडवून आणणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख आला आहे. ती तरतूद आजच्या यंत्रांसाठी लिहिलेली नव्हती. तेव्हा तुमच्या पुस्तकावरचं यंत्रचित्र दुसऱ्याने उचललं तर तुम्हाला अडवता येईल की नाही, याचं ठाम उत्तर आज देता येत नाही.

जे अजून ठरलेलं नाही

मुखपृष्ठाने पुस्तक विकलं जातं का? या मूळ प्रश्नावरच दुमत आहे. एका मतानुसार रत्नागिरीसारख्या ठिकाणी प्रकाशन समारंभात, नात्यात, ओळखीत आणि संस्थांच्या कार्यक्रमांत प्रती जातात. घेणारा लेखकाला ओळखून घेतो, मुखपृष्ठ पाहून नव्हे. दुसऱ्या मतानुसार पुस्तक ओळखीच्या वर्तुळाबाहेर जात नाही ते याचमुळे. बुकगंगासारख्या ऑनलाइन दुकानात किंवा व्हॉट्सॲपच्या निमंत्रणात मुखपृष्ठ अंगठ्याएवढं दिसतं, तेवढ्या आकारात शीर्षक वाचता आलं नाही तर अनोळखी वाचक थांबत नाही. दोन्ही मतांना अनुभवाचा आधार आहे. मुखपृष्ठामुळे किती प्रती गेल्या हे वेगळं काढून मोजता येत नसल्यामुळे वाद मिटण्याचं चिन्ह नाही. लेखकाने आधी स्वतःशी ठरवावं की आपलं पुस्तक ओळखीच्यांसाठी आहे की अनोळखींसाठी. खर्चाचं प्रमाण त्यावर बदलतं.

दराची अडचणही तशीच लोंबकळते आहे. छोट्या आवृत्तीसाठी वेगळा दर, किंवा पहिल्या आवृत्तीला कमी आणि पुनर्मुद्रणाला ठरावीक रक्कम, अशा सूचना बोलण्यात येतात, रूढ झालेल्या नाहीत. श्रेयाचा प्रश्न मात्र फुकटात सुटण्याजोगा आहे. स्वखर्चाच्या कितीतरी पुस्तकांत ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे छापखान्याचं नाव असतं किंवा काहीच नसतं, आणि ते करणाऱ्या मुलाला पुढच्या कामासाठी दाखवायला हातात काही उरत नाही.

यातला एक भाग वाचनालयांच्या हाती आहे. पुस्तक दाखल झालं की पुष्कळ ठिकाणी त्याला खाकी कागद चढतो, बांधणी करताना मूळ मुखपृष्ठ निघून जातं, आणि दाखल नोंदीत चित्रकाराचं नाव लिहायला रकानाच नसतो. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी निदान इथल्या लेखकांच्या पुस्तकांची मूळ मुखपृष्ठं जपून ठेवावीत आणि नोंदीत तो एक रकाना वाढवावा, अशी विनंती आहे.